तारप्याच्या फेऱ्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वारली चित्रातल्या तारपा नाचावर लिहितेय. मधोमध दुधी भोपळ्याचा तारपा फुंकणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग. पण ती गोल मिटत नाही, शेवटचं टोक मोकळंच राहतं! मला ते फार आवडतं. भात कापलं की तारपा वाजू लागतो, म्हणजे पेरणी ते कापणी हे चक्रही दरवर्षी असंच पुढे सरकतं, असं मला वाटतं. पण हा माझा शहरी अर्थ तर नाही ना?

डहाणू, जव्हार, तलासरीकडचं कुणी आहे का इथे? त्या मोकळ्या टोकाबद्दल घरची मोठी माणसं काय सांगतात? या फेऱ्याला वारलीत वेगळा शब्द आहे का? ऐकीव आठवणही चालेल.