बंचग्रास: गुच्छ, ठोंब की बेट?

तृणांकुर: अमेरिकेच्या प्रेअरीवरच्या ‘लिटल ब्लूस्टेम’ गवतावरचा मजकूर मराठीत आणतोय. ‘बंचग्रास’पाशी अडलो. मी ‘गुच्छगवत’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘झुबकेदार गवत’ केलं. पुढे मजकूर असा: बंचग्रास असल्याने मधे मधे उघडी जमीन राहते आणि बॉबव्हाइट लाव्यांची पिल्लं तिथून पळू शकतात. झुबक्यातून हे कळतं का?

माळावरचा: नाही. झुबका शेंड्याला असतो, इथे मुद्दा बुडख्याचा आहे. सगळे फुटवे एकाच बुडख्यातून उभे निघतात. हरळीसारखं धावलं असतं तर जमीन झाकली गेली असती, पिल्लांना वाट उरली नसती. ‘ठोंब’ लिहा.

कोशकिडा: गुच्छाला काय झालं? अमरकोशातच आहे, ‘स्तम्बो गुच्छस्तृणादिनः’. गवताचा गुच्छ म्हणजे स्तंब. ‘आब्रह्मस्तंबपर्यंत’ (ब्रह्मदेवापासून गवतापर्यंत) मधला तोच. ठोंबही त्याचाच नातू असावा, असं माझं मत.

बांधकरी: नातं असेल, पण शेतकऱ्याला ठोंब म्हणजे लावायचा मुळासकट तुकडा. गजराज या चाऱ्याच्या गवताचे ठोंब लावतात ना, तसा. ‘ठोंबांमधली मोकळी जमीन’ वाचून तो लागवडीचं अंतर समजेल. बांबूचं म्हणतो तसं ‘बेट’ म्हणा.

माळावरचा: बेट फार मोठं झालं. याचा बुडखा वीतभर, उंची २ ते ४ फूट. मुळं मात्र ५ फुटांहून खोल, म्हणून दुष्काळात तग धरतं. नवे डोळे जमिनीलगत किंवा किंचित खाली असतात, त्यामुळे वरचं जळालं तरी पुन्हा फुटतं. ४ इंचांच्या खाली पुन्हापुन्हा चरलं गेलं की मात्र मुळं आखडतात आणि बुडखा विरळ होत जातो.

तृणांकुर: बियांनाही ‘कुसळं’ लिहिलंय. चालेल?

बांधकरी: अर्धंच. कुसळ आहे, पण सोबत पांढरी लव असते, रुईच्या म्हातारीसारखी. पेरताना त्रास लवेचाच. बी एकमेकांत गुंततं, साध्या पेरणीयंत्राच्या तोंडाशी अडकून बसतं आणि निम्मी ओळ रिकामी जाते. आत ढवळणी असलेली बियाण्याची पेटी लागते. खोली पाव इंच, फार तर अर्धा. त्याखाली गेलं तर कोंब वर येत नाही. पहिल्या वर्षी तण ६ ते ८ इंचांवर छाटायचं, उपटायचं नाही. उपटलं की कोवळी रोपंही हलतात. नत्र तर देऊच नका, गवत लोळतं आणि तण माजतं.

कोशकिडा: मजकुरात आगीला ‘वणवा’ म्हटलंय का? वणवा लागतो. कॅन्ससच्या कोंझा प्रेअरीवर आग आखून लावतात: काही तुकड्यांना दरवर्षी, काहींना २, ४ किंवा २० वर्षांनी. त्याला कोकणातला ‘भाजावळ’ घ्या, आयता शब्द आहे.

माळावरचा: भाजावळीत कवळं (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा अंथरून रोपाची जागा भाजतात. इथे वाळलेलं जुनं गवत जाळून नव्या फुटव्याला ऊन मिळवून द्यायचं आणि घुसणारी झाडोरी मागे हटवायची. वरून काही अंथरत नाहीत.

कोशकिडा: अंथरलं नाही म्हणून भाजणं थांबतं का? पापडही काही न अंथरता भाजतो.

बांधकरी: ‘जाळणी’ म्हणा आणि सोडा.

कोशकिडा: जाळणी कोणत्या कोशात आहे?