पुढच्या डाव्या चाकातनं ब्रेकची शिट्टी: पॅड टाकू की आधी उघडून बघू?

जांबोटी_रोड:
हॅचबॅक आहे, पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम, रनिंग 42,000 किमी. आठवड्यातनं दोनदा चोर्ला घाटातनं साखळीला जाणं-येणं. हलका ब्रेक मारला की पुढच्या डाव्या चाकातनं बारीक शिट्टी येते, जोरात दाबला की बंद. पावसात रात्रभर गाडी बाहेर असली की सकाळी खरखर होते ती वेगळी. ग्यारेजमध्ये चाक न काढताच पॅड आणि डिस्क दोन्ही बदला म्हणतायत. रिमच्या फटीतनं बघितलं तर पॅड अजून बरेच दिसतायत. आधी काय बघू?

तिसरा_गिअर:
फटीतनं दिसतो तो बाहेरचा पॅड. जास्त करून झिजतो आतला, पिस्टनकडचा (पिस्टन म्हणजे पेडल दाबलं की पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या). त्यामुळं फटीतनं बघून काही ठरवू नका.

सकाळची खरखर सोडून द्या. डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तिच्यावर गंज धरतो, चार-पाच ब्रेक मारले की निघून जातो.

हलक्या ब्रेकला शिट्टी आणि जोरात दाबल्यावर बंद, म्हणजे पॅड जागेवर थरथरतोय. कारणं तीन: तोंड घासून काचेसारखं झालंय, मागची पातळ पत्र्याची शिम पडलीय, किंवा पॅडचे कान ज्या क्लिपांत बसतात तिथं तांबडी माती बसलीय. जांबोटी पट्ट्यात तिसरं फार. ब्रेक न दाबताही चालत्या गाडीत चिर्र वाजत असेल तर पॅडला रिव्हेट केलेली पत्र्याची जीभ डिस्कला लागतेय, म्हणजे पॅड संपत आलेत. आणि करकर असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर गाडी जागेवर ठेवा, घाटात नेऊ नका.

अजून एक, स्वस्तातलं. डिस्कच्या मागं पातळ पत्रा असतो. त्यात खडा अडकला की ब्रेक लागो न लागो, आवाज येतच राहतो. पण ती शिट्टी नसते, खर्र असतं.

पाना_१४:
उघडायचंच असेल तर असं करा. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा. छोट्या गाड्यांत कॅलिपरचा (डिस्कवर बसलेला, पॅड आणि पिस्टन धरणारा चिमटा) बोल्ट बहुतेक 12 किंवा 14 च्या पान्याला येतो. खालचा एकच काढला की कॅलिपर वर फिरतो. पूर्ण काढलात तर तारेनं स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका.

चारही पॅडचा नुसता मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, मोजा, मागची पत्री धरू नका. 3 मिमीच्या खाली असतील तर दोन्ही बाजूचे बदला, एका चाकाचे कधीच नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायचं जबड्याचं माप) लावताना डिस्कच्या कडेला न झिजलेला उंबरा राहतो, तो जबड्यात आला की जाडी जास्त दिसते. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. जाडी बसत असेल आणि खोल चरे नसतील तर डिस्क बदलायचं कारण नाही.

जांबोटी_रोड:
डावीकडं आतला 4 मिमी, बाहेरचा 7. उजवीकडं दोन्ही 7 च्या आसपास. डिस्क मापात आहे. आतल्या पॅडचं तोंड चकाकतंय.

पाना_१४:
मग पॅडपेक्षा पिना आधी बघा. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या डावीकडं अडकल्या असणार. बोटांनी ओढून सहज यायला पाहिजेत. रबरी बूट फाटून आत चिखल-पाणी गेलं की ग्रीस जाऊन गंज येतो, आणि मग सगळा दाब आतल्या पॅडवर. पिना पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस नको, रबर फुगतं आणि पिन आणखी धरते. एका पिनेच्या टोकाला रबर असेल तर ती मूळ भोकातच बसवा, अदलाबदल करू नका. फाटलेला बूट बदला, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत तेच.

पिना मोकळ्या निघाल्या तर पिस्टन. जुना पॅड मध्ये धरून जी-क्लॅम्पनं हळू आत दाबा. त्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण काढून वरचं थोडं उपसा, नाहीतर वर येऊन सांडतं आणि रंग खातं. पिस्टन अडखळत असेल तर सील किट टाकायला मिस्त्रीकडं द्या.

तिसरा_गिअर:
7 मिमीवाले चकाकत असतील तर शहाबादी फरशीवर 120 नंबरचा काचपेपर ठेवून पॅड इंग्रजी 8 च्या आकारात फिरवा, सगळीकडं सारखा मळका रंग येईपर्यंत. कडा कानशीनं 45 अंशात थोड्या मोडा. तोंडाला फडकं बांधा, भुकटी फुंकू नका, ओल्या कपड्यानं पुसा. माझं मत विचाराल तर 4 वाल्यावर मेहनत करू नका, तुमच्या घाटाच्या फेऱ्यांत नवीन जोडच बरा.

पॅडच्या मागच्या पत्र्याला आणि कानांना ब्रेकचंच ग्रीस नखाएवढं. तोंडाला आणि डिस्कला थेंबही नको. शिट्टी घालवायला तेलाचा फवारा मारणारे आहेत; आवाज जातो खरा, पण ब्रेकही जातो. तेल लागलेला पॅड फेकूनच द्यावा लागतो.

लायनर_कट्टा:
मागचे ड्रमही याच वेळी काढून बघा, लायनरची (ड्रमला आतनं घासणारा मसाला) भुकटी साठली की तिथूनही घोगरा आवाज येतो. पावसात धुतलेली गाडी रात्रभर हँडब्रेकवर ठेवली तर लायनर ड्रमला चिकटतात. सपाटीवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

पाना_१४:
सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करा, कडक होईपर्यंत. पहिल्या दाबाला ते तळापर्यंत जातं, आणि अंगणाच्या भिंतीला गाडी लागते ती याच वेळी. डब्यातलं ऑइल खुणेपर्यंत भरा. नट आडवेतिडवे आवळा.

नवीन पॅड टाकलात तर पहाटे मोकळ्या रस्त्याला 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट वारा लागू द्या. गरम असताना गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरायचं नाही, पॅडचा मसाला डिस्कवर एकाच जागी चिकटतो. आणि चोर्ल्यापुढं उतार लागला की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरातच उतरा. पेडलवर पाय ठेवून उतरलात तर हेच पॅड महिन्याभरात परत चकाकतील.

जांबोटी_रोड:
खालची पिन हातोडीनं ठोकून काढावी लागली, बूट फाटलाय. दोन्ही बूट आणि पॅडचा जोड सांगितलाय, डिस्क तीच ठेवतोय.