अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत पोरांच्या लशी का राहतात? अविश्वास की गैरसोय?

शिकागोकर:
परवा एकाने ठोकून दिलं की शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत लशी राहतात कारण त्या लोकांचा डॉक्टरांवर विश्वासच नाही. मला नाही पटत. १९८९ ते ९१ ची गोवराची साथ घ्या, ५५ हजारांवर केसेस, शंभरावर मृत्यू, आणि शिकागो, लॉस एंजेलिस, ह्यूस्टनला जास्त मार बसला तो गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या पाच वर्षांखालच्या पोरांना. शाळेत जाणारी पोरं मात्र बहुतेक लस घेतलेली, कारण लस नाही तर प्रवेश नाही. आईबाप तेच ना? मग पाचव्या वर्षी विश्वास कुठून आला?

खवचट_काका:
अहो सक्तीने टोचलं म्हणजे विश्वास बसला असं होतं का! अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावात १९३२ ते ७२, चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांवर नुसतं लक्ष ठेवलं, पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. सरकारी माफी आली १९९७ ला. ज्यांच्या आजोबांचं असं झालं त्यांनी सुई बघून हसायचं का?

शिकागोकर:
टस्कीगी नाकारत नाहीये काका. पण त्या गोवराच्या साथीच्या वेळी कितीतरी विमा पॉलिसींत लस बसायचीच नाही, खाजगी डॉक्टर सरकारी दवाखान्यात पाठवायचे, तिथे रांग, दोन बस बदला, अर्ध्या दिवसाचा पगार गेला. १९९४ ला मेडिकेडवाल्या (म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा असलेल्या) आणि विमा नसलेल्या पोरांना लस फुकट, तीही नेहमीच्या डॉक्टरकडेच मिळायला लागली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत गोवराच्या लशीतलं गोरे-काळे अंतर जवळपास मिटलं. टस्कीगीचा इतिहास तोच होता की!

रोखठोक:
म्हणजे आता फुकट आहे तरी डोस राहतात त्याला पण सरकारच जबाबदार? आईबापांची काही जबाबदारी आहे की नाही? आमच्या आयांनी कडेवर घेऊन नेलंच ना आम्हाला.

मीनल_न्यूजर्सी:
रोखठोक, राहतात ते कुठले डोस ते बघा. डांग्या खोकला-धनुर्वात-घटसर्पचा चौथा, तो दीड वर्षाच्या आसपास असतो, बाळ आजारी नसताना मुद्दाम जावं लागतं. तासावर काम करणाऱ्या बाईला रजा मागितली की पगार कापतात, तुमच्या आईला बहुतेक हा प्रश्न नव्हता. आणि २०२२ ला आपल्या गोवंडीत गोवराने पोरं गेली, तिथे कुठलं टस्कीगी होतं?

खवचट_काका:
गोवंडीतपण अफवा होत्याच हो, लशीने पुढे मूल होत नाही वगैरे, उगाच एकच कारण धरून बसू नका. मिनेसोटात २०१७ ला सोमाली पोरांत गोवर पसरला, तो लशीने ऑटिझम होतो या भीतीने. तिथे आधी लशीचं प्रमाण चांगलं होतं, दवाखानेही तेच होते.

शिकागोकर:
मिनेसोटाचं मान्य, पण ती भीती मुद्दाम पेरलेली होती, लसविरोधी मंडळी त्यांच्या सभांत जाऊन बोलत होती. ते आणि टस्कीगी एकाच पोत्यात घालू नका. बाकी गोवर रोखायला ९५ टक्के लोकांनी लस घेतलेली लागते, शहराची सरासरी ९५ असली तरी एखादी वस्ती ८० टक्क्यांवरच अडकली की तिथे साथ पसरू शकते, मग कारण काही का असेना.

रोखठोक:
मग दवाखाना संध्याकाळी आणि रविवारी उघडा ठेवायला कोण अडवतंय?

मीनल_न्यूजर्सी:
पैसे. तुमच्यासारखेच लोक म्हणतात ना जबाबदारी आईबापांची 😀