कुळागरातल्या व्हाळावर छोटं टर्बाइन बसवावं का?

पोफळीखाली:
आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईहून वर डोंगराकडे. पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की दोन-दोन दिवस काळोख. सोलर आहे, पण जुलैत ऊन कुठे असतं? व्हाळ (ओढा) मात्र तेव्हा दुथडी वाहतो. वरच्या डोहापासून खोपीपर्यंत उतार 20 मीटर, अंतर 200 मीटर. दिवे, पंखे, फ्रीज चालेल एवढी वीज मिळेल का? आणि खरी काळजी ही, की व्हाळाचं वाईट तर होणार नाही ना? आमच्या पोफळी त्याच्यावरच जगल्या आहेत.

फिटर_डिचोली:
चार इंची पाइपातून सेकंदाला 10 लिटर पाणी घेतलंत तर घर्षणात तीनेक मीटर उताराचा जोर जाईल. उरलेल्यातून पाऊण किलोवॉटच्या आसपास वीज हाती येईल. तीन इंची पाइप नको, त्यात निम्म्याहून जास्त उतार वाया जाईल. पाणी किती मिळतं ते एप्रिल-मेमध्ये बादली लावून बघा.

पोफळीखाली:
एप्रिलमध्ये 20 लिटरची बादली भरायला दहाएक सेकंद लागतात.

व्हाळाकाठी:
म्हणजे सेकंदाला 2 लिटर. ते पाणी व्हाळाचंच राहू द्या. टर्बाइन पाणी पीत नाही, खाली परत सोडतं, हे खरं. पण मधल्या 200 मीटरांचं काय? तिथले खेकडे, बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या दगडांखालच्या ओलीवर उन्हाळा काढतात. ती ओल गेली की सगळंच गेलं.

दुसरं, सिमेंटचा बांध घालू नका. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात, त्यांना दोन फुटांची भिंतसुद्धा अडवते. डोहाच्या कडेने पाइप काढा आणि त्याचं तोंड इतकं वर ठेवा की पाणी उतरलं की ते पाइपात शिरणारच नाही. मे महिन्यात उकडायला लागलं की कुणालाही मोह होतो, म्हणून हे पाइपाच्या चावीवर (व्हॉल्व्हवर) सोपवू नका. तोंडाला बारीक जाळी हवी आणि पानांचा कचरा रोज काढावा लागेल.

जागा म्हादई अभयारण्यात येते का, तेही बघा. येत असेल तर पाणी वळवायला वन्यजीव कायद्याच्या कलम 29 खाली परवाना लागतो. एरवी 25 मेगावॉटखालच्या जलविद्युत प्रकल्पांना केंद्र सरकारच्या 2006च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीच लागत नाही. मला हे फार खुपतं, कारण एकाच नदीवर असे चार प्रकल्प ओळीने झाले तर नदी तुकड्या-तुकड्यांनी कोरडी पडते.

पोफळीखाली:
पटलं. जून ते नोव्हेंबर एवढंच चालवतो. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी सरळ आमच्या पाटात घेतलं तर चालेल ना?

व्हाळाकाठी:
पावसाळ्यात पोफळींना ते नकोच असतं. आणि नोव्हेंबरात पाटात घेतलंत तर खालच्या कुळागरवाल्यांचं पाणी तुटेल. व्हाळातच सोडा, आणि पाइप टाकण्याआधी त्यांना एकदा वर बोलावून जागा दाखवा.