शब्दचर्चा: 'पतंग' म्हटलं की रात्रच का? (मादागास्करच्या सनसेट मॉथवरून पडलेला प्रश्न)

दोन दिवस एका शब्दावर अडकलेय म्हणून विचारतेय. मादागास्करच्या प्राण्यांबद्दल एक मजकूर मराठीत लिहितेय, त्यात सनसेट मॉथ आला. शास्त्रीय नाव क्रिसिरिडिया रायफियस. काळेभोर पंख, त्यावर हिरवे-निळे पट्टे, मागच्या पंखाचा खालचा भाग तांबडा, सोनेरी, मध्येच जांभळट असा पेटल्यासारखा, आणि त्याच पंखांना बारीक शेपट्या, शेपट्यांना पांढरी झालर. पंख पसरले की सात ते नऊ सेंटीमीटर. मी लिहिलं 'सूर्यास्त पतंग'. ज्यांनी मजकूर तपासला त्यांनी 'पतंग' खोडून 'फुलपाखरू' केलं. म्हणे पतंग रात्री उडतो, मळकट असतो, दिव्यावर येतो, हा तर भरदिवसा फुलांवर बसतोय, वाचणारा गोंधळेल. मला ते पटलं नाही पण समोर ठेवायला मुद्दाही सापडेना. पतंग या शब्दात खरंच रात्र आहे का?

——

शब्दात रात्र कुठेच नाही. मूळ धातू पत्, म्हणजे उडणे, पडणे. उडत जातो तो पतंग, एवढंच. अमरकोशात 'समौ पतङ्गशलभौ' असं येतं, म्हणजे पतंग आणि शलभ हे दोन्ही शब्द एकाच किड्यासाठी, आणि त्याच कोशात अनेकार्थी शब्दांच्या भागात 'पतङ्गौ पक्षिसूर्यौ च' असंही आहे. म्हणजे पतंग म्हणजे पक्षी आणि पतंग म्हणजे सूर्य! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १७७ वं सूक्त आहे ना, 'पतङ्गमक्तमसुरस्य मायया', तिथला पतंग हा आकाशातून जाणारा सूर्यच धरतात. ज्या शब्दाचा एक जुना अर्थ सूर्य आहे त्याला आपण रात्रीत कोंडून ठेवलंय. सनसेट मॉथला पतंग म्हणण्याइतकं चपखल दुसरं काही मला तरी सुचत नाही.

मग रात्र आली कुठून, तर दिव्यातून. गीतेच्या अकराव्या अध्यायात २९ वा श्लोक, 'यथा प्रदीप्तं ज्वलनं पतङ्गा विशन्ति नाशाय समृद्धवेगाः'. तिथेही नुसता भडकलेला अग्नी आहे, रात्र आहे असं म्हटलेलं नाही. पण पुढे कवितेत दिवा आणि पतंग ही जोडी इतकी घट्ट बसली की दिव्यावर झेपावतो तो पतंग हीच आपल्या डोक्यातली व्याख्या झाली. वापराने शब्दाला रंग चढतो, त्यात वाईट काही नाही, पण तो रंग म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे.

फुलपाखरू हा शब्द तर सरळ वर्णनाचा, फुलावरचं पाखरू. तसं बघितलं तर तुमचा हा मॉथही फुलावरचं पाखरूच की. बोलताना कुणी त्याला फुलपाखरू म्हटलं तर मी अडवणार नाही, पण निसर्गावरच्या लिखाणात या दोन शब्दांनी आता कामं वाटून घेतली आहेत, तिथे ती पाळायला हवीत. आणि हो, लिंगाचंही भान ठेवा. पतंग तो, फुलपाखरू ते, मजकूर तपासताना नुसता शब्द बदलला की पुढची सगळी क्रियापदं लटकतात.

——

तपासणाऱ्यांना फार बोल लावू नका, त्यांच्या आधी मोठमोठ्यांनी हीच चूक केलीये. १७७३ साली ड्रू ड्रुरी या इंग्रज संग्राहकाने या किड्याचं पहिलं नामकरण केलं ते 'पॅपिलिओ रायफियस' असं, आणि पॅपिलिओ म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांचा वंश. नमुना त्याला एका जहाजाच्या कप्तानाकडून मिळाला होता आणि तो चीन नाहीतर बंगालमधला असल्याचं सांगितलं गेलं होतं. म्हणजे जात चुकली आणि गावही चुकलं. जर्मन कीटकअभ्यासक ह्युब्नरने १८२३ मध्ये त्याला पतंगांमध्ये आणून क्रिसिरिडिया हा वंश दिला.

ओळखायचं कशावरून, तर दिवस-रात्र यावरून अजिबात नाही. मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला बहुतेक वेळा गाठ असते, काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखी. या पतंगाची मिशी धाग्यासारखी टोकाकडे निमुळती होत जाते. मिटलेल्या पंखांवरून मात्र फसाल, कारण बसताना हा पंख पाठीवर उभे जोडून बसतो, अगदी फुलपाखरासारखा.

एकदा एका संग्रहातला जुना नमुना भिंगाखाली बघायला मिळाला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आधी लक्षात आलं की डाव्या आणि उजव्या पंखावरचे काळे पट्टे जुळतच नाहीत, एका बाजूला पट्टा फुटून दोन झालाय आणि दुसरीकडे सलग आहे. मग खवले दिसले, कौलांसारखे एकावर एक रचलेले, पण सपाट नाहीत, प्रत्येकाला बाक आहे. मी नमुना थोडा कलता केला आणि हिरवा होता तो भाग निळा झाला, परत सरळ केला की परत हिरवा. हे रंग रंगद्रव्याचे नाहीत, खवल्याच्या आत बारीक पापुद्रे आहेत आणि मध्ये हवेचे थर, त्यावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून हा रंग दिसतो, आणि खवल्याला बाक असल्याने एका खवल्यावरून उसळलेला प्रकाश शेजारच्या खवल्यावर आपटून परत बाहेर येतो. रंगद्रव्य आहे ते काळ्या भागात. त्यामुळे 'रंगीत पतंग' यापेक्षा 'झळाळता' किंवा 'रंग पालटणारा' असं काही लिहिलंत तर जास्त खरं होईल.

——

खूप उपयोग झाला दोघांचा. अजून एक अडचण आहे, त्याच्या पिल्लाला अळी म्हणू की सुरवंट? आणि मालागासी, म्हणजे मादागास्करच्या भाषेतल्या, नावाचं काय करू? तिकडे त्याला 'लोलोनांद्रियाना' म्हणतात असं वाचलं.

——

केस असतील तर सुरवंट, गुळगुळीत असेल तर अळी, बोलीत असाच फरक करतात. याचं अंग पांढरट पिवळं, त्यावर काळे ठिपके, पाय लाल, आणि अंगभर काळे केस, केसांची टोकं गदेसारखी जाड. म्हणजे सुरवंटच.

या सुरवंटावर दोन ओळी जास्त लिहा असं मी म्हणेन, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. मादी पानाखाली साधारण ऐंशी अंडी घालते, तीही फक्त ओम्फालिया या झाडावर. हे एरंडाच्या कुळातलं, चिकाचं आणि विषारी. लहान सुरवंट पानाच्या शिरांमधला भाग तेवढा खातात आणि चीक चुकवतात, मोठे झाले की पानं, फुलं, फळं काही सोडत नाहीत. तोंडातून रेशमाचा धागा सोडतात, त्याने गुळगुळीत पानावर पकड राहते आणि खाली पडलेच तर धाग्याला धरून परत वर. झाडाचं विष अंगात साठतं ते कोषातून बाहेर पडल्यावरही राहतं. त्यामुळे याला रात्रीच्या आडोशाची गरज उरत नाही, भडक रंगच पक्ष्यांना सांगतात की तोंड लावू नका. तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर या झाडात आहे.

मादागास्करमध्ये ओम्फालियाच्या चार जाती. तीन पश्चिमेच्या पानगळीच्या जंगलात, चौथी पूर्वेच्या सदाहरित जंगलात. पतंगांचे थवे या दोन बाजूंमध्ये ये-जा करतात. सतत खाल्लं गेलं की झाडातलं विष वाढतं आणि म्हणून पतंगांना दुसरीकडे जावं लागतं, असं अभ्यासक मांडतात. इथे 'स्थलांतर' हाच शब्द ठेवा, 'भटकंती' नको.

मालागासी नावाबद्दल: 'लोलो' म्हणजे फुलपाखरू आणि 'लोलो' म्हणजेच पूर्वजांचा आत्मा. 'आंद्रियाना' म्हणजे खानदानी, सरदार घराण्यातला. दुसरं नाव 'आद्रियांदोलो', त्याचा अर्थ आत्म्यांचा राजा अशा तऱ्हेचा देतात. नाव देवनागरीत तसंच ठेवा आणि अर्थ वाक्यातच गुंफा. त्यांच्याकडे एकाच शब्दात किडाही आहे आणि गेलेलं माणूसही, आपल्याकडे किडा आणि सूर्य, मला हे शेजारी शेजारी ठेवून बघायला फार आवडलं.

——

एक शंका. 'सूर्यास्त पतंग' वाचलं की हा संध्याकाळी उडतो असं वाटणार नाही का? 'सांजपतंग' केलं तर अजूनच वाटेल. इंग्रजीत नाव रंगावरून आहे, वेळेवरून नाही.

——

बरोबर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'मावळरंगी पतंग' चालेल का? मावळतीचे रंग ल्यालेला, वेळेचा संबंध तुटतो. पतंग मी आता सोडत नाही. पहिलं वाक्य असं केलंय, काही खटकलं तर सांगा:

'मादागास्करच्या जंगलात भर उन्हात आंब्याच्या मोहोरावर उतरणारा हा मावळरंगी पतंग, तिथले लोक त्याला लोलोनांद्रियाना म्हणतात, खानदानी आत्मा.'

——

'उतरणारा' छान. मोहोर ठेवा, चहाची आणि निलगिरीची फुलंही त्याला आवडतात पण एका वाक्यात तिन्ही नकोत. पांढरट, पिवळट फुलांकडे तो जास्त जातो एवढं पुढच्या ओळीत घाला.