झाडीपट्टी नाटकाची जुनी कॅसेट आणि नवं वाइड शूटिंग एकाच टाइमलाइनवर कसं बसवायचं?

वडसा_कटर:
आमच्या नाटक मंडळाचा ४० मिनिटांचा व्हिडिओ करून राहिलो. १९९९ च्या नाटकाची व्हीएचएस कॅसेट डीव्ही फाइल होऊन हाती आली, ७२० बाय ५७६. मुलाखती अन् शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) शॉट मिररलेस कॅमेऱ्यावर, १९२० बाय १०८०, सेकंदाला ५० फ्रेम. थोडे मोबाइलचे, ३० फ्रेमचे. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं टाकलं तर मधात लहानसा डबा दिसते. मोठं करून पडदा भरला तर राजाचा मुकुटच उडते. आडवं ओढलं तर नटी गोलमटोल. शिवाय नटाचा हात हलला की कंगव्यासारख्या रेघा. कोणतं काम आधी करू?

फीतफिरकी:
आडवं ओढायचं तर विसरूनच जा भाऊ. ४:३ (जुन्या टीव्हीची चौकट) चं १६:९ (आताची रुंद चौकट) केलं की माणूस ३३ टक्के रुंद होते, आणि मंडळातले लोक ते पहिल्या मिनिटात पकडतात.

आधी रेघा घालवा, मग आकार. जुनं चित्र इंटरलेस्ड आहे: सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येकीत एका आड एक रेघांची दोन फील्ड. आधी मोठं केलं तर या रेघा एकमेकींत मिसळतात आणि नंतर कशानेच निघत नाहीत. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ हा रेघा घालवायचा फिल्टर लावा, प्रत्येक फील्डची एक फ्रेम करायला सांगा. २५ च्या ५० होतात आणि मिररलेसशी जुळतात. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असते, डीव्हीडीवर बहुतेक वेळा वरचं. फाइल डीव्हीडीवरून फिरून आली असेल तर तपासून घ्या. तलवारबाजीचा एखादा शॉट एकेक फ्रेम पुढे सरकवा. तलवार पुढे, मागे, पुढे, मागे अशी अडखळली तर क्रम उलटा धरला गेला.

मग प्रीमियरच्या बिनमध्ये (क्लिप ठेवायच्या यादीत) क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फुटेज. पिक्सेल आस्पेक्ट (एका ठिपक्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) डीव्ही पाल १.०९४० निवडा, फील्ड ‘नाही’ ठेवा. खात्री करायची तर रंगमंचावरची अगदी समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू पाहा. ती गोलच दिसली तर आकार बरोबर.

चौकट_४३:
पुढचे आकडे देतो. सिक्वेन्स (ज्या टाइमलाइनवर सगळं जोडायचं ती) १९२० बाय १०८०, ५० फ्रेम. जुन्या क्लिपचं स्केल १८७.५ टक्के केलं की उंची भरते. रुंदी १४४० ऐवजी १४७७ आली म्हणून घाबरू नका. ७२० पैकी खरं चित्र ७०२ च्या आसपास असतं, दोन्ही कडांना बारीक काळी पट्टी असते. क्रॉप इफेक्टमध्ये डावीकडे आणि उजवीकडे १.२५ टक्के दिलं की बरोबर १४४० उरतं आणि बाजूला २४०-२४० ची जागा राहते.

व्हीएचएसच्या तळाला फाटल्यासारखी वळवळणारी पट्टी असते. ती कॅसेट खराब असल्याची खूण नाही, प्लेअरचं एक हेड सोडून दुसरं धरतानाची आहे. जुना टीव्ही ती चौकटीमागे लपवायचा, आता उघडी पडते. खालून २ टक्के क्रॉप, स्केल १९१.३, आणि पोझिशनमध्ये ५४० चं ५५१. झालं.

बाजूच्या जागेत तोच शॉट धूसर करून टाकायची लग्नाच्या व्हिडिओतली सवय इथं नको. नाच सुरू झाला की कडांना रंग नाचतात आणि डोळा तिकडेच जातो. मुलाखतीच्या पार्श्वभूमीतला गडद तपकिरी रंग घ्या, किंवा सरळ काळं सोडा.

पट_पडदा:
थोडं वेगळं मत. सगळंच ४:३ ठेवायची गरज नाही. कडेच्या काळ्या पट्ट्या वगळून पडदा भरायला स्केल २५० टक्के लागतं आणि ५७६ पैकी ४३२ रेघाच उरतात. पूर्ण रंगमंच असेल तर वर मुकुट जातो नाहीतर खाली पाय, म्हणून तिथं क्रॉप नकोच. पण छातीपर्यंतचा संवादाचा शॉट असेल तर खालचा सगळा भाग जाऊ द्या, कपाळाच्या वर दोन बोटं जागा ठेवा, चालते. मात्र एका प्रवेशात एकच पद्धत. दर शॉटला चौकट लहानमोठी झाली तर पाहणारा नाटक सोडून चौकटच पाहत बसते.

मोबाइलचे शॉट आधी हँडब्रेक या प्रोग्रॅममधून कॉन्स्टंट फ्रेम रेट (दर सेकंदाला सारख्याच फ्रेम) करून घ्या, नाहीतर आवाज आणि ओठ हळूहळू जुळेनासे होतात. ३० चे ५० केले की बैलांच्या धावेत हिसके दिसतात, तो शॉट मिररलेसचाच वापरा.

आणि दाखवणार कशावर?

वडसा_कटर:
गावात पांढऱ्या पडद्यावर. प्रोजेक्टर जुना आहे, १०२४ बाय ७६८ चा.

पट_पडदा:
मग आधीच सांगायचं न बा! तो प्रोजेक्टरच ४:३ चा आहे. तुमचं वाइड चित्र त्यावर १०२४ बाय ५७६ होईल, वर-खाली काळं. त्यात जुना भाग ७६८ बाय ५७६, म्हणजे चारही बाजूंनी काळं आणि मधात नाटक.

गावासाठी वेगळा सिक्वेन्स करा: १४४० बाय १०८०. जुनं तिथं पूर्ण भरते. मुलाखती स्केल १०० वरच ठेवा, बाजूचे २४०-२४० कापले जातील, बोलणारा मधात नसेल तर पोझिशनमधून सरकवा. शंकरपट तेवढा ७५ टक्क्यांवर पूर्ण रुंद ठेवा, दोन्ही जोड्या दिसल्या पाहिजेत. यूट्यूबसाठी १९२० वाला वेगळा काढा. आणि नावांच्या पाट्या दोन्ही सिक्वेन्समध्ये वेगवेगळ्या लावा, नाहीतर कडेची अक्षरं जातात.