त्या आठवड्यात आधी कोण आठवले? पेन स्टेटच्या दिवसांचे अनुभव

५ नोव्हेंबर २०११ रोजी पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या (पेन स्टेट) अमेरिकन फुटबॉल संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याला लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांखाली अटक झाली. चारच दिवसांत विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांना पद सोडावे लागले आणि १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक असलेल्या जो पॅटर्नो यांना विश्वस्तांनी दूरध्वनीवरून पदमुक्त केले. त्या काळात स्टेट कॉलेज या गावात शिकलेली, नोकरी केलेली, संसार थाटलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. भेटीगाठींत हा विषय निघाला की आपण हळहळतो आणि लगेच दुसरीकडे वळतो, असे माझ्या लक्षात आले आहे. म्हणून एकच प्रश्न समोर ठेवून सर्वांना लिहिण्याची विनंती करीत आहे: बातमी कळली तेव्हा तुमच्या मनात सर्वांत आधी कोण आले? जे आले तेच लिहावे आणि नंतर सुचलेले शहाणपण त्यापासून वेगळे ठेवावे. पीडितांची ओळख उघड होईल असे काही लिहू नये आणि आरोपपत्रातील वर्णने येथे उतरवू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. मला आधी आठवली माझी पदवी. मी तोवर दुसऱ्या राज्यात नोकरीला लागलो होतो. बातमी वाचून झाल्यावर मनात आलेला पहिला विचार असा होता की आता प्रत्येक मुलाखतीत या नावाबद्दल विचारले जाईल. आठ मुलांवर झालेल्या अत्याचारांची बातमी वाचून माणसाला स्वतःचा बायोडेटा आठवावा, हे लिहितानाही संकोच वाटतो. पण दुसऱ्यांकडून प्रामाणिकपणा मागायचा तर तो आधी आपल्या पदरचा द्यावा लागतो.

तेव्हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी

मी ९ नोव्हेंबरच्या रात्री रस्त्यावर होतो. पॅटर्नोंना काढल्याची बातमी रात्री दहाच्या सुमारास आली आणि वसतिगृहांतून मुले अक्षरशः वाहत बाहेर पडली. मला अमेरिकेत येऊन सव्वा वर्ष झाले होते. फुटबॉलचे नियम मला धड समजत नव्हते, परंतु एक लाखाहून अधिक माणसे मावणाऱ्या बीव्हर स्टेडियममध्ये शनिवारी दुपारी एका बाजूने ‘वी आर’ आणि दुसऱ्या बाजूने ‘पेन स्टेट’ असा गजर उठला की घरापासून दूर आलेल्या मुलाला आपण कुणाचे तरी आहोत असे वाटे. त्या भावनेची किंमत मी आजही कमी लेखत नाही. त्या रात्री मात्र तोच गजर रस्त्यावर चालू होता. दिव्याचे खांब पाडले गेले, एका वृत्तवाहिनीची गाडी उलटवण्यात आली, पोलिसांनी डोळ्यांत झोंबणारा फवारा मारला. मी गाडीला हात लावला नाही, हे खरे. पण मी पॅटर्नोंच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो, हेही तितकेच खरे आहे. ग्रँड ज्युरीचा, म्हणजे खटल्याआधी पुरावे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल तोवर चार दिवस सर्वांना उपलब्ध होता आणि तो मी वाचलेला नव्हता. माझ्या आजूबाजूच्या किती जणांनी वाचला असेल, कोण जाणे.

तो मी दुसऱ्या दिवशी वाचला. शुक्रवारी रात्री ओल्ड मेन या जुन्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर हजारो विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन पीडितांसाठी जमले. तिथेही मी गेलो, पण मागेच उभा राहिलो. बुधवारी ओरडणारी आणि शुक्रवारी मेणबत्ती धरणारी मुले निरनिराळी होती, असे पुढे अनेकांनी सांगितले. काही प्रमाणात ते खरेही असेल. मी दोन्हींत होतो, एवढेच मला ठाऊक आहे.

शनिवारी नेब्रास्काविरुद्धचा सामना झाला. सामन्यापूर्वी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून बसले आणि तेवढे मोठे स्टेडियम शांत झाले. आम्ही १७–१४ असे हरलो. इतक्या वर्षांनंतरही मी ‘आम्ही’च लिहितो आहे, हे आत्ता लक्षात आले.

गावात राहणारी आई

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, त्यामुळे मला आधी कोण आठवले असेल हे सांगायला नको. पण दोन-तीन दिवसांनी, अहवाल वाचल्यानंतर, माझ्या डोक्यात दुसरीच एक व्यक्ती येऊन बसली आणि ती अजून गेलेली नाही. १९९८ मध्ये एक मुलगा सँडस्कीबरोबर विद्यापीठाच्या क्रीडागृहातून ओल्या केसांनी घरी आला. त्याच्या आईने केस ओले का, हे विचारले आणि मिळालेल्या उत्तरावरून ती विद्यापीठाच्या पोलिसांकडे गेली. तिने सँडस्कीला घरी बोलावले, त्याच्याशी बोलणे केले आणि शोध घेणारे अधिकारी घरातच लपून ते बोलणे ऐकत होते. एका आईने याहून अधिक काय करायचे असते? जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. सँडस्की १९९९ मध्ये मानाने निवृत्त झाला आणि क्रीडागृहाच्या किल्ल्या त्याच्याकडे राहिल्या.

‘पालकांनी सावध राहावे’ असे त्या आठवड्यात जो तो सांगत होता. मला त्या वाक्याची चीड येई. ती बाई सावधच होती. ‘द सेकंड माइल’ ही अडचणीतल्या मुलांसाठीची संस्था सँडस्कीने १९७७ मध्ये काढली होती आणि त्याने निवडलेली मुले बहुतेक अशा घरांतली होती, जिथे वडील नव्हते किंवा पैसा नव्हता, आणि एवढा मोठा माणूस आपल्या मुलाला सामन्याला घेऊन जातो याचे अप्रूप होते. आमच्यासारख्या प्राध्यापकांच्या, संशोधकांच्या घरातल्या मुलांना त्या मानाने धोका कमी होता. ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर जो सुटकेचा निःश्वास निघाला, त्याचीच मला लाज वाटली.

विद्यापीठातील कार्यालयीन कर्मचारी, आता निवृत्त

मला आधी आठवले ते कार्यालय, आणि कार्यालयात आपण सगळेच वापरतो ते वाक्य: ‘मी वर कळवले आहे.’

फेब्रुवारी २००१ मध्ये माइक मॅक्वेरी या तरुण सहायकाने रात्री फुटबॉल संघाच्या लॅश इमारतीतल्या न्हाणीघरात सँडस्कीला एका मुलासोबत पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पॅटर्नोंना सांगितले. पॅटर्नोंनी क्रीडा संचालक टिम कर्ली यांना सांगितले. कर्ली आणि उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांनी सुमारे दहा दिवसांनी मॅक्वेरीला भेटीस बोलावले आणि मग ते स्पॅनियर यांच्याशी बोलले. प्रत्येकाने आपल्या वरच्याला सांगितले. तेव्हाच्या पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यातही संस्थेतील कर्मचाऱ्याने संस्थाप्रमुखाला कळवावे आणि पुढचे त्याने पाहावे, अशीच रचना होती. शेवटी ठरले ते असे की बालकल्याण खात्याला कळवायचे नाही. सँडस्कीला समज द्यायची, मुलांना आवारात आणू नकोस असे सांगायचे आणि ‘सेकंड माइल’च्या कानावर घालायचे. त्या वेळच्या ईमेलमध्ये स्पॅनियर यांनी हा मार्ग माणुसकीचा आणि वाजवी असल्याचे लिहिले होते. सँडस्कीने ऐकले नाही तर न कळवल्याबद्दल आपण अडचणीत येऊ शकतो, अशी जोडही त्यात होती.

मी आयुष्यभर कार्यालयीन पत्रे लिहिली आहेत, त्यामुळे त्या ‘माणुसकी’वर माझी नजर अडकली. माणुसकी कुणाशी? ओळखीच्या, तीस वर्षे एकत्र काम केलेल्या सहकाऱ्याशी. न्हाणीघरातल्या मुलाचे नाव काय, तो कुठे राहतो, आज बरा आहे का, हे शोधायला कुणी निघाले नाही. हा धागा ज्या प्रश्नाने सुरू झाला आहे, त्याचे उत्तर त्या चार वरिष्ठांनी २००१ मध्येच देऊन ठेवले होते, असे मला वाटते.

पुढे कर्ली आणि शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये मुलांना धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला. स्पॅनियर यांना त्याच वर्षी ज्युरीने दोषी ठरवले आणि अपिलांच्या फेऱ्यांनंतर २०२१ मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले. मॅक्वेरीची नोकरी गेली होती. त्याने विद्यापीठाविरुद्ध दावा लावला आणि २०१६ मध्ये तो जिंकला. कायदाही २०१४ मध्ये बदलला: आता ज्याला संशय आला त्यानेच थेट बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचे, आणि वरिष्ठाला सांगितल्याने ते कर्तव्य संपत नाही. आम्हा सर्वांना त्याचे प्रशिक्षण घ्यावे लागे. त्या प्रशिक्षणाला दरवर्षी कंटाळून बसणारे सहकारी मी पाहिले आहेत आणि एखाद्या वर्षी त्यांत मीही होतो.

या विद्यापीठाशी संबंध नसलेली व्यक्ती

मी तिथे शिकलेलो नाही. तरीही लिहितो आहे, कारण बारा-तेरा वर्षांचा असताना मी दुसऱ्याच एका ठिकाणी, दुसऱ्याच एका खेळात, अशाच एका प्रशिक्षकाच्या हाती होतो. अधिक तपशील देणार नाही. एका मोठ्या माणसाला मी सांगितले होते. त्याने ऐकून घेतले, डोक्यावरून हात फिरवला आणि ‘मी बघतो’ म्हणाला. त्यानंतर तो मला पाहून वाट बदलू लागला.

बातमी आली तेव्हा मला आधी तो वाट बदलणारा माणूस आठवला, प्रशिक्षक नाही.

रस्त्यावर ओरडणाऱ्या मुलांची दृश्ये मी पाहिली आणि दूरदर्शन संच बंद केला. वर ज्यांनी त्या रात्रीबद्दल लिहिले आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण तेव्हा होता, आणि पुष्कळ होता. त्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी अत्याचारपीडितांना मदत करणाऱ्या ‘रेन’ या संस्थेसाठी थोड्याच दिवसांत पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, हे वाचून बरे वाटले. मात्र मला खरा धीर आला तो पुढच्या जूनमध्ये, सँडस्कीच्या खटल्यात आठ तरुण न्यायालयात उभे राहून, आपल्याला नीट ओळखणाऱ्या गावासमोर, जे घडले ते सांगत होते तेव्हा. मी त्या वर्षी पहिल्यांदा समुपदेशकाकडे गेलो.

माजी विद्यार्थी, १९९०चे दशक

मला पॅटर्नो आठवले आणि ते मी लपवणार नाही. त्यांच्या कुटुंबाच्या देणगीतून वाढलेल्या ग्रंथालयात मी माझा प्रबंध लिहिला. खेळाडूंनी वर्गात बसलेच पाहिजे असे म्हणणारा प्रशिक्षक मी दुसरा पाहिला नाही. विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेल्या लुई फ्री यांचा २६७ पानांचा अहवाल १२ जुलै २०१२ रोजी आला. दहा दिवसांत पॅटर्नोंचा पुतळा हलवला गेला आणि दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड ठोठावून संघाचे १९९८ पासूनचे विजय नोंदींतून पुसले. फ्री यांनी पॅटर्नोंची, कर्लींची किंवा शुल्ट्झ यांची मुलाखत घेतलेली नव्हती. पॅटर्नो तर जानेवारीतच फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. जानेवारी २०१५ मध्ये ते विजय परत मिळाले आणि त्यांचा ४०९ विजयांचा आकडा पूर्ववत झाला. आपण अधिक करायला हवे होते असे वाटते, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे म्हटले होते. इतके तरी किती जण म्हणतात?

(निमंत्रकाकडून) आपला मुद्दा पोहोचला. अहवालाच्या पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते मांडायलाच हवेत. एक मात्र नोंदवतो: आपल्या लिखाणात मुलांचा उल्लेख कुठेच आलेला नाही.

(त्याच माजी विद्यार्थ्याकडून) मी पुन्हा वाचून पाहिले. आपले म्हणणे बरोबर आहे. आज यापुढे लिहीत नाही.

संशोधक, २००८ ते २०१३

हिस्टर रस्त्यावर गावातल्या मान्यवरांचे एक मोठे भित्तिचित्र होते. त्यात सँडस्कीही खुर्चीत बसलेला होता. अटकेनंतर चित्रकाराने त्याला पुसून टाकले आणि खुर्चीवर पीडितांसाठी निळी फीत रंगवली. पॅटर्नो वारल्यावर त्याच चित्रकाराने त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय काढले आणि जुलैमध्ये अहवाल आल्यावर ते पुसले. मी रोज त्या वाटेने जाई. वर्षभरात आमच्या गावाचे मन कसे हेलकावत होते, ते त्या भिंतीवर पाहायला मिळे.

२२ जून २०१२ च्या रात्री मी बेलफाँटच्या न्यायालयाबाहेर होतो. ज्युरीतल्या अनेकांचा विद्यापीठाशी काही ना काही संबंध होता, त्यामुळे काय होईल याची धाकधूक होती. दहाच्या सुमारास सँडस्कीच्या खटल्याचा निकाल आला: ४८ पैकी ४५ आरोप सिद्ध. गर्दीतून जो जल्लोष उठला तो मला तंतोतंत ओळखीचा होता. शनिवारी दुपारी आमच्या संघाने गुण मिळवल्यावर स्टेडियममध्ये उठणारा. मीही टाळ्या वाजवल्या आणि मग एकाएकी हात थांबले. माझ्या शेजारी एक मध्यमवयीन बाई टाळ्या न वाजवता, दोन्ही हात छातीशी धरून न्यायालयाच्या दाराकडे पाहत उभी होती. ती कोण होती, मला माहीत नाही. मी विचारले नाही.